टेकाडामागचा रस्ता

तिला सगळे रफूवाली म्हणत. दुकान म्हणजे एका चारमजली इमारतीच्या जिन्याखालची तिरकी जागा. मागच्या बाजूला उभं राहिलं तर डोकं आपटायचं, म्हणून तिथे ती फक्त बसायची. एक टेबल, मान वळवता येणारा दिवा, भिंग, सुया खोचून ठेवायची लोकरीची उशी आणि खिळ्यांवर टांगलेले लोकांचे कोट. सिगारेटने पडलेलं भोक, कसरीने खाल्लेली शाल, खिळ्याला अडकून फाटलेली पँट असलं काहीतरी घेऊन माणसं यायची. ती कपडा उलटा करायची, शिवणीच्या आत दडलेल्या कापडातून त्याच रंगाचे धागे काढून घ्यायची आणि एकेक धागा खालीवर घालत भोक बुजवायची. काम झाल्यावर गिऱ्हाईक कपडा उजेडात धरून विचारायचं, "नक्की कुठे होतं हो?" तेवढ्यावर ती दिवसभर खूश असायची.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवस जायचा अंधाऱ्या शाफ्टमध्ये, केबिनच्या टपावर उभं राहून दोर तपासण्यात. घरी आला की बूटसुद्धा न काढता आधी खिडकीशी जायचा.

"जरा आभाळ बघतो."

"पळून नाही जात ते," ती स्वयंपाकघरातून म्हणायची. "आधी हात धुवा. पडद्याला ग्रीस लागेल."

दोन मुली. थोरली आठ वर्षांची, तिसरीत. धाकटी तीन वर्षांची, अजून हाताला येईल ते तोंडात घालणारी. घर बरं चाललं होतं. मग एके दिवशी त्याच्या कंपनीने त्याला थोरलीच्याच शाळेत लिफ्टच्या देखभालीला पाठवलं.

दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे तो टपावर उभा होता. तिसऱ्या मजल्याचं दार अर्धवट उघडं ठेवलेलं, त्यामुळे त्याचे डोळे बरोबर फरशीच्या पातळीला आले होते. समोर कॉरिडॉर. आणि कॉरिडॉरमध्ये भिंतीकडे तोंड करून उभे असलेले दोन छोटे बूट. डाव्या बुटाचा पट्टा तपकिरी धाग्याने शिवलेला होता. काळा धागा संपला म्हणून त्याच्या बायकोनेच तो तसा शिवला होता.

त्याने हाक मारली नाही. पोरगी दचकेल, असं त्याला वाटलं. घंटा होईपर्यंत, पस्तीस मिनिटं, तो हातात पाना धरून त्या बुटांकडे बघत राहिला.

तिच्या वर्गाच्या बाई काही दुष्ट नव्हत्या. त्या थकलेल्या होत्या. "वर्गात चाळीस मुलं आहेत माझ्या," त्या म्हणाल्या, "आणि ही प्रत्येक वाक्याला विचारते, कशावरून? पृथ्वी फिरते म्हटलं, कशावरून? झाडं श्वास घेतात म्हटलं, कशावरून? मी शिकवू कधी?"

"किती दिवस उभी असते?"

"रोज नाही हो," बाई म्हणाल्या. मग जरा थांबून, "बहुतेक दिवस."

पोरीने घरी अवाक्षर काढलं नव्हतं. त्या संध्याकाळी तो खिडकीशी गेला नाही. जेवताना म्हणाला, "उद्यापासून ती शाळेत जाणार नाही. मी शिकवीन घरी."

"तुम्ही?" रफूवालीच्या हातातला डाव वाटीतच राहिला. "दहावीला गणितात दोनदा गटांगळ्या खाल्ल्यात तुम्ही."

"म्हणूनच. कुठे अडतं ते माझ्याइतकं कुणाला माहीत असणार?"

ती हसली, आणि तिथेच ती हरली. त्याने कायमची दुसरी पाळी मागून घेतली. सकाळी सात ते अकरा स्वयंपाकघराच्या टेबलावर शाळा, मग तो कामावर. पुढे बाहेरून परीक्षेला बसता येतं, हे त्याने कचेरीत जाऊन दोनदा विचारून घेतलं. शुद्धलेखन तपासायचं काम तिच्याकडे आलं, कारण एकाच पानावर तो एक शब्द तीन प्रकारे लिहायचा. रात्री वाचनालयातलं पुस्तक उघडून तो उद्याचा धडा आज स्वतः शिकायचा. मुलींच्या तो एक धडा पुढे असे, कधीकधी अर्धाच. पण न येणारं सांगताना त्याला लाज वाटत नसे. "माहीत नाही बुवा. चल, बघू," एवढंच म्हणायचा आणि चपला शोधायला लागायचा.

गुरुवारी त्याची सुट्टी असे, आणि गुरुवार म्हणजे भटकंती. खाडीकाठी भरती-ओहोटीच्या वेळा लिहून घ्यायच्या. दगडाच्या खाणीत जाऊन कापलेल्या कड्यातले थर मोजायचे. मिठागरात पाय खारवून यायचं. वर्षातून एकदा, साठवलेल्या रजेत, पाठीवर पिशव्या टाकून तीन आठवडे बसने, आगगाडीने, कुठेही. धाकटी त्याच्या खांद्यावर बसून जग बघत मोठी झाली. थोरलीला तो 'कशावरूनबाई' म्हणायचा आणि तिने तो प्रश्न विचारला की असा खूश व्हायचा, जसं कुणी त्याच्या खिशात खाऊ टाकलाय.

नातेवाइकांनी सोडलं नाही, हे सांगायला नको. रफूवालीचा भाऊ दर भेटीत विचारायचा, "काय गं, पोरींना झाडावर नोकरी लावणार आहेस का?"

ती स्वतः मात्र क्वचितच जायची. गुरुवारी दुकान उघडं असे. "बसून बसून माझे पाय टेबलासारखे झालेत," ती म्हणायची, "तुमच्या डोंगरावर ते चढायचे नाहीत." डब्यात उकडलेली अंडी, पाव आणि मिठाची पुडी घालून ती तिघांना दारापर्यंत सोडायची. संध्याकाळी तिघं परत आली की त्यांचे कपडे धुताना तिला कळायचं, आज लाल माती होती की काळी.

अशी तीन वर्षं गेली. थोरली अकराची झाली, धाकटी सहाची.

त्यांच्या गल्लीमागून एक नाला जायचा. काळा, वास मारणारा, अर्धा झाकलेला. थोरलीने एकदा विचारलं, हे पाणी येतं कुठून? बाप म्हणाला, गटार आहे ते, गटारातून येतं. "कशावरून?" पोरीने विचारलं. मग काय, पुढचे सात गुरुवार त्या नाल्याचे झाले. पहिल्या गुरुवारी बस डेपोमागच्या पुलापर्यंत. दुसऱ्या गुरुवारी रंगाच्या कारखान्याच्या भिंतीपर्यंत. दर आठवड्याला जिथे थांबले तिथून पुढे, पाण्याच्या उलट दिशेने. चौथ्या गुरुवारी पाण्यात मासे दिसले. पाचव्याला तळ दिसला. सहाव्याला ते पाणी थेट ओंजळीने प्यायले. बापाने त्यांना एक नियम घालून दिला होता: रानात हरवलात तर पाणी शोधायचं, आणि सापडलं की त्याला सोडायचं नाही. पाणी खाली जातं आणि खाली माणसं असतात.

सातव्या गुरुवारी सकाळी तो बायकोला म्हणाला, "आज तूही चल. आज उगम सापडणार."

"संध्याकाळी एक कोट द्यायचाय. माणसाची उद्या मुलाखत आहे."

"उगम काय रोज सापडतो?"

"मग सापडला की मला येऊन सांगा कसा दिसतो ते."

तो हसला आणि पोरींना घेऊन गेला.

उगम तळहाताएवढा होता. डोंगराच्या खोबणीत, एका काळ्या दगडाखालून पाणी आवाज न करता बाहेर येत होतं. अकरा वाजून गेले होते. तिघं पाणी प्यायली. धाकटीने त्यात बोट घातलं. बाप दगडाला टेकून बसला आणि म्हणाला, "पित्त झालंय बहुतेक." मग त्याच्या कपाळावर घाम आला, ओठ पांढरे पडले आणि तो उठू शकेना. फोनला रेंज नव्हती.

"खाली जा," तो थोरलीला म्हणाला. "माणसं आण. घाबरू नकोस."

"कुठून जाऊ?"

त्याला दम लागला होता. "पाणी सोडू नकोस," एवढंच तो बोलला.

तिने पाणी सोडलं नाही. जिथे ओढा वळला तिथे ती वळली, जिथे काटे होते तिथे काट्यांतून गेली. एका ठिकाणी चप्पल तुटली, पाऊल कापलं. सव्वा तासाने पहिली घरं लागली. माणसं लगेच निघाली. चांगली माणसं होती, कुणी जीप काढली, कुणी बाज घेतली. तिला मात्र एका बाईने पायाला फडकं बांधून घरात बसवून ठेवलं. माणसं वर पोचली तेव्हा बाप गेलेला होता. धाकटी त्याच्या शेजारी मांडी घालून बसली होती. त्याची करंगळी तिने मुठीत धरली होती आणि ती सोडवायला एका माणसाला तिचं एकेक बोट उघडावं लागलं.

रफूवाली दवाखान्यात पोचली तेव्हा डॉक्टर मुलींसमोर उभे होते. "अगदी लगेच गेले ते," डॉक्टर म्हणाले. "पाच मिनिटंसुद्धा लागली नसतील. कुणी काही करू शकलं नसतं." थोरली पायाच्या बँडेजकडे बघत होती. आयुष्यात पहिल्यांदा तिने कशावरून असं विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी रफूवाली त्याची पिशवी आणायला त्या घरांपाशी गेली. ज्या वनरक्षकाने बाज उचलायला खांदा दिला होता, त्याने तिला पाणी दिलं, पिशवी दिली आणि बोलता बोलता म्हणाला, "ओढ्याने कशाला आली पोर? त्या टेकाडामागे डांबरी रस्ता आहे. झऱ्यापासून वीस मिनिटं. आम्ही तिकडूनच तर गेलो. दिवसभर गाड्या असतात तिथे." मग त्याचं लक्ष तिच्या चेहऱ्याकडे गेलं. तो म्हणाला, "तिला कसं माहीत असणार, बाई."

पिशवी मांडीवर घेऊन ती बसने परत आली. वाटेत तिने ठरवलं की हे पोरीला कधी कळता कामा नये.

लोक भेटायला आले. गुरुवार शाळेचा दिवस होता, हे प्रत्येकाने कुठल्या ना कुठल्या प्रकारे सांगितलं. भाऊ तर सरळच म्हणाला, "पोरी शाळेत असत्या, तर तो तरी कशाला गेला असता?" ती चहाचे कप उचलत राहिली.

महिना झाल्यावर थोरली म्हणाली, "मला शाळेत घाल." दुसऱ्या शाळेत घातलं. अभ्यासात ती सगळ्यांच्या पुढे होती. पालकसभेला बाई म्हणाल्या, "फार शांत मुलगी आहे हो तुमची. एक प्रश्न विचारत नाही." रफूवाली बाहेर आली आणि जिन्यात कठडा धरून उभी राहिली.

धाकटीने तर बोलणंच टाकलं. हो नाही, नाही नाही. तिलाही शाळेत नेऊन पाहिलं, पण फाटकाशीच तिची चड्डी ओली झाली, सलग तीन दिवस. चौथ्या दिवशी आईने तिला दुकानात आणलं आणि टेबलाखाली स्टूल टाकून बसवलं. कोटांच्या आत शिवलेल्या पट्ट्यांवरची अक्षरं ती तिला दाखवायची. पोर नुसती बघायची.

असे चार महिने गेले. मग एका गुरुवारी रफूवालीने दुकानाला कुलूप लावलं, डब्यात अंडी घेतली आणि पोरीचा हात धरून गावाबाहेरच्या तळ्यावर गेली. तिथे जाऊन करायचं काय, हे तिला माहीत नव्हतं. झाडाला ती झाड म्हणायची आणि पाखराला पाखरू. दोघी काठावर बसल्या. शांतता खायला उठली, तेव्हा ती आपलं काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाली, "ते बघ, कावळा पोहतोय."

"पाणकावळा."

तिने वळून पाहिलं. "काय म्हणालीस?"

"कावळा नाही तो," धाकटी म्हणाली. आवाज बसलेला, घोगरा. "पाणकावळा. बाबांनी दाखवला होता."

रफूवाली चिखलातून सरकून तिच्याजवळ आली. मग तिने विचारलं, "आणि तो पलीकडचा?" पोरीने सांगितलं. "आणि ते झाड?" पोरीने तेही सांगितलं. संध्याकाळपर्यंत ती विचारत राहिली.

त्या दिवसानंतर दहा वर्षं तिने धाकटीला घरी शिकवलं. नवरा एक धडा पुढे असायचा, ही बहुतेक वेळा एक धडा मागे असे. पण तिची नजर बारीक होती. घरटं दिसलं की ती भिंगाने त्याची वीण तपासायची आणि म्हणायची, "हात चांगला आहे हिचा, पण कडेला घाई केलीय." वर्षातून एकदा दोघी बसने लांब जायच्या. टेबलासारखे पाय हळूहळू चालायला शिकले. चढावर ती मनात नवऱ्याशी भांडायची: मला आधीच का नाही ओढून नेलंत? हात धरून का नाही नेलंत? खरं म्हणजे त्याने विचारलं होतं. तिला ते पक्कं आठवत होतं. त्या कोटाचा रंगसुद्धा आठवत होता.

थोरली कधी बरोबर आली नाही. "अभ्यास आहे," म्हणायची, आणि खरंच असायचा.

ती नववीत असताना एक दिवस चार वाजता शाळेतून थेट दुकानात आली. एक गिऱ्हाईक पावती घेत होतं. ते जाईपर्यंत ती दप्तर छातीशी धरून उभी राहिली. मग तिने दप्तरातून घडी केलेला नकाशा काढला आणि टेबलावर, कोटावरच, उलगडला. भूगोलाच्या तासाला नकाशे वाटले होते. आपापल्या भागातली एक जागा शोधा, तिथून सगळ्यात जवळचा रस्ता शोधा, असा स्वाध्याय होता.

"तुला माहीत होतं?" तिने विचारलं.

रफूवालीला नकाशा वाचता येत होता. धाकटीला शिकवता शिकवता ती स्वतःही शिकली होती. निळी रेघ, तिचं टोक, आणि टोकापासून बोटाच्या पेराएवढ्या अंतरावर लाल रेघ.

"हो."

"कधीपासून?"

"तिसऱ्या दिवसापासून."

"साडेतीन वर्षं झाली, आई."

"अगं, पण डॉक्टर म्हणाले ना, ते लगेच गेले. पाच मिनिटंसुद्धा..."

"कशावरून?" थोरली म्हणाली.

पोरीने नकाशाची पहिल्यासारखी घडी घातली, दप्तरात ठेवली आणि ती घरी गेली. रडली नाही, भांडली नाही. रात्री जेवली, भांडी घासली. त्या दिवसापासून आईला ती सगळं सांगायची आणि काहीच सांगायची नाही.

रफूवाली दुसऱ्याच दिवशी त्या दवाखान्यात गेली. दोन तास बाकावर बसल्यावर डॉक्टर भेटले. त्यांना आठवायला वेळ लागला. आठवल्यावर त्यांनी चष्मा काढून ठेवला. "बाई, अकरा वर्षांची पोर पाय कापून घेऊन समोर बसली होती. मी दुसरं काय बोलणार होतो?"

"मग किती वेळ?"

"ते कुणालाच सांगता येणार नाही."

ती घरी आली. हे थोरलीला सांगायचं तिच्याने झालं नाही.

बारावी झाल्यावर थोरली वसतिगृहात गेली, मग दुसऱ्या शहरात विमा कंपनीत लागली. वर्षातून दोनदा यायची. आणलेल्या वस्तू टेबलावर मांडायची, आईचे डोळे तपासायला नेऊन आणायची, आणि परत जायची. शेजारणी म्हणायच्या, मुलगी लाखात एक आहे. रफूवाली मान हलवायची.

धाकटी सोळाची असताना बाहेरून दहावी पास झाली. चांगल्या मार्कांनी. त्यासाठी थोरली रजा काढून आली. दुपारची वेळ होती. तिघी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या होत्या आणि पुढच्या प्रवेशाचा फॉर्म भरत होत्या. 'आजवरच्या शिक्षणाबद्दल थोडक्यात लिहा' असा एक रकाना होता.

"बाबांबद्दल लिही की," थोरली म्हणाली. "सुरुवात त्यांनीच केली तुझी. तुला फारसं आठवत नसेल म्हणा. त्या दिवशी तर ते लगेचच गेले, तुला काही कळलंसुद्धा नसेल."

धाकटीने पेन खाली ठेवलं. "लगेच? कोण म्हणालं लगेच?"

गॅसवर चहाचं आधण होतं. रफूवाली ते बघायला उठून ओट्याशी आली होती.

"डॉक्टर म्हणाले," थोरली म्हणाली.

"डॉक्टर कुठे होते तिथे? मी होते." धाकटी बहिणीकडे बघत नव्हती, फॉर्मकडे बघत होती. "तू गेल्यावर बाबा म्हणाले, तुला काय काय दिसतंय ते मला सांगत राहा. मी सांगत राहिले. दगड. पाणी. मुंगी. दुसरी मुंगी. प्रत्येक गोष्टीला ते 'हं' म्हणायचे. पुष्कळ वेळ. मी सत्त्याऐंशीपर्यंत गेले होते. आधी ते मोजत होते, नंतर मी मोजायला लागले. त्याच्या पुढे 'हं' आलं नाही. मला वाटलं झोपले. मी सांगतच राहिले."

चहा उतू गेला. रफूवालीने गॅस बंद केला आणि ती तिथेच, ओट्याला टेकून उभी राहिली.

"आणि मधेच गाडीचा आवाज आला," धाकटी म्हणाली. "टेकाडामागून. बाबांनीही ऐकला. म्हणाले, अरेच्चा, इकडे रस्ता आहे. ते उठायला गेले, पण उठता येईना. मी म्हटलं, मी जाऊ? त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग वर बघितलं. मग म्हणाले, नको. तू बस. ताई गेलीय." तिचा आवाज आता सहा वर्षांच्या मुलीचा झाला होता. "मला जायला हवं होतं, ताई. मी हट्ट करायला हवा होता. एवढंसं टेकाड होतं. मी कशी बसून राहिले? मुंग्या मोजत बसले मी."

थोरलीचा चेहरा आईने असा कधी पाहिला नव्हता, त्या दवाखान्यातसुद्धा नाही. "तू सहा वर्षांची होतीस," ती म्हणाली.

"तू अकरा वर्षांची होतीस."

थोरली टेबलावर डोकं ठेवून रडली, दहा वर्षांचं एकदम. धाकटी खुर्ची सरकवून तिच्याजवळ गेली. रफूवालीला वाटलं आपणही जावं, पण पाय उचलेना. आपण एका पोरीला जपायला तोंड मिटून बसलो आणि त्यात दुसरीला विचारायचंच राहिलं, हे तिला तिथे ओट्याशी उभं असताना कळलं. दहा वर्षं रोज ती धाकटीच्या शेजारी बसली होती. या झाडाचं नाव काय, त्या पाखराचं नाव काय, हजार गोष्टी तिने तिला विचारल्या. तेवढं एक विचारलं नाही.

संध्याकाळी तिने दोघींना समोर बसवून डॉक्टरांचं खरं बोलणं सांगितलं. थोरली म्हणाली, "मला अंदाज होता." आणि मग, "तरी तू सांगायला हवं होतंस."

थोरली आणखी दोन दिवस राहिली. तिसऱ्या दिवशी दुपारच्या बसला सोडायला आई एकटीच गेली. स्टँडवर बाक ओला होता, म्हणून दोघी उभ्याच राहिल्या. बस दिसली तेव्हा रफूवाली म्हणाली, "मी चुकले गं."

"हो," थोरली म्हणाली. तिने आईच्या हातातली पिशवी घेतली, आणि पिशवी घेताना तो हातही क्षणभर धरला.

धाकटीचा फॉर्म मंजूर झाला. पावसाळ्यानंतर तीही लांबच्या कॉलेजात गेली, दगड-मातीच्या अभ्यासाला. घरात एकटी रफूवाली उरली. डोळे आता बारीक काम झेपू देत नाहीत. काळ्यावर काळं असलं तर ती नाही म्हणते, उजळ रंगाचं तेवढं घेते. त्या उगमापाशी ती कधीच गेली नाही, आणि थोरली पुन्हा गेली नाही. तो दिवस तिघींपैकी कुणाचाच सुटलेला नाही.

पण त्या दुपारी बसने गेल्यावर थोरलीने एक गोष्ट केली, जी इतक्या वर्षांत कधी केली नव्हती. पोचल्यावर तिने फोन केला. "पोचले," म्हणाली.

"काय करतेयस?" थोरलीने विचारलं.

"बाही आहे एका कोटाची. कोपराशी विरलीय."

"मग कर तू काम. मी फोन ठेवत नाही."

रफूवालीने फोन टेबलावर ठेवला, दिवा जवळ ओढला आणि सुईत धागा ओवायला घेतला. तिसऱ्यांदा ओवला गेला. पलीकडे थोरली आपली पिशवी उपसत होती, त्याचा आवाज येत होता.